जावळाचा काळा पट्टा

आमच्या घरात काळा पट्टा तयार होत असे, पण तो कमरेला बांधलेला माणूस आमच्या घरात कधी झाला नव्हता. भरे गावच्या वरच्या अंगाला ओढा ओलांडला की आमची धनगरांची मोजकी घरं लागत. घर म्हणजे कुडाच्या भिंती, वर गवतानं शाकारलेलं छप्पर आणि शेजारी काटेरी कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा. आत शिरलं की एका बाजूला जमिनीत खड्डा करून बसवलेला माग होता. बा त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि घोंगडी विणायचा. धागा ठोकताना होणारा धप्प धप्प आवाज इतका सवयीचा झाला होता, की तो थांबला तर आम्ही पोरं चमकून बघायचो. दुसऱ्या बाजूला आईचा चरखा. लोकर कातताना ती कुणाशी बोलत नसे. मध्येच उठून चुलीवरची भाकरी उलटायची आणि परत येऊन तुटला धागा तिथूनच धरायची. सुताला लावायला चिंचोक्याची खळ शिजत असली की घरभर एक आंबूस, जड वास भरायचा. त्या वासात बसून हुलग्याचं माडगं नाहीतर शेळीच्या दुधात कुस्करलेली भाकरी खायची, हे आमचं जेवण. आज माझ्या सुनेला त्या वासाचं वर्णन सांगितलं तर ती नाक मुरडते. मला मात्र चिंच फोडताना चिंचोका हाताला लागला तरी भूक लागते.

दिवाळी जवळ आली की कधी कधी नाना वस्ताद ओढा ओलांडून आमच्याकडं येत. गावातली तालीम त्यांच्या हाताखाली होती. तिथं लाठी, फरी-गदगा आणि दांडपट्टा शिकवत. वस्ताद उंच, वाळके, बोलायला कमी. अंगणात उभे राहूनच आईला म्हणायचे, "सगुणा, यंदा एक लागंल बरं." एवढं म्हटलं की आईला कळायचं. कोकरांची पहिल्यांदा कातरलेली लोकर, जिला आम्ही जावळ म्हणतो, ती सगळ्यात मऊ. त्यातली रंग न लावता मुळातच काळी असलेली निवडून आई बारीक सूत कातायची आणि बा त्याचा चार बोटं रुंद, लांबलचक पट्टा विणायचा. तालमीत जो दांडपट्ट्यात पुरता तयार झाला, त्याच्या कमरेला चैत्रातल्या जत्रेत, देवाच्या पालखीपुढं, वस्ताद हा काळा पट्टा बांधत. मग त्या माणसानं आयुष्यभर पालखीपुढं उघडं पातं घेऊन खेळायचं. तालमीत त्याची जागा पुढं, गावच्या बैठकीत त्याला बोलवणं, परगावी गेला तरी लोक ओळखणार. कित्येक वर्षं वस्ताद आमच्याकडं फिरकतही नसत, कारण बांधण्याजोगा कुणी तयार झालेला नसे. पट्टा दिला की आईला खण आणि नारळ मिळायचा. जत्रेत आमच्यातले घरी राहिलेले, नाहीतर जत्रेपुरते घाट चढून आलेले लोक पालखीपुढं ढोल वाजवायचे आणि आम्ही विणलेला पट्टा दुसऱ्याच्या कमरेला बांधला जाताना बघायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं, एका पावसाळ्यापर्यंत.

त्या पावसाळ्यात मी तालमीत जायला लागलो. आम्हाला कुणी मज्जाव केलेला होता असं नाही. अडचण वेगळीच होती. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन ताम्हिणीच्या वाटेनं खाली कोकणात उतरायची ती पावसाच्या तोंडाशी परत यायची. गावातली पोरं थंडीत मेहनत करायची, उन्हाळ्यात करायची, आणि आम्ही तेव्हा कुठल्या तरी खाचरात मेंढरं राखत असू. त्यामुळं धनगराचं पोरगं पावसाळ्यात येतं, चार हात शिकतं आणि जातं, हे ठरलेलं होतं. वस्तादांनी मलाही तसाच धरला. कोपऱ्यात उभं करून नुसती लाठी फिरवायला लावली. पण लाठी माझ्या हातात जन्मापासून होती. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी माझ्या हातात दांडपट्टा चढवला. हे हत्यार ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कोपरापर्यंत हात लोखंडी खोळीत जातो आणि पुढं माणसाच्या हाताहून लांब, लवचीक पातं असतं. मनगट वळत नाही. सगळं काम खांद्याचं आणि कमरेचं. नवशिक्याच्या हातात ते पातं नागासारखं उलटतं. पहिल्या दिवशी मी माझ्याच पोटरीवर ओरखडा काढून घेतला आणि घरी आल्यावर बाभळीचा काटा लागला म्हणून सांगितलं. पण त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मेंढरांना पाणी पाजताना, लाकडं फोडताना, जेवताना, माझा खांदा आपोआप हलायचा. आई म्हणायची, "बिरू, माशी बसलीया का काय अंगावर?"

परवा माझ्या नातीला कराटेचा काळा पट्टा मिळाला. पिरंगुटला क्लास आहे, तिथं जाते. मी तिला माझ्या पट्ट्याबद्दल सांगितलं, तर तिनं विचारलं, "आबा, तुमची परीक्षा कशी असायची? मार्क असायचे का?" मी म्हटलं, मार्क नव्हते. लिंबू असायचं.

आणि ते लिंबू हाच सगळा प्रश्न होता. पालखीपुढं खेळ झाला की शेवटी माणसाच्या उघड्या तळहातावर लिंबू ठेवायचं आणि खेळता खेळता, न थांबता, आडव्या वारानं कापायचं. वरची फोड उडाली पाहिजे आणि खालची तळहातावर तशीच राहिली पाहिजे. हात कुणाचा, याचाही नेम होता. हात खेळणाऱ्याच्या घरच्या माणसाचा. वस्ताद म्हणायचे, ज्याच्यावर घरचा इश्वास न्हाई, त्याच्या कमरेला मी पट्टा बांधनार न्हाई. आजवर कुणाचा बाप, कुणाचा थोरला भाऊ असाच हात पुढं आला होता.

आणखी काही पावसाळे शिकून झाल्यावर, एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी वस्तादांसमोर जाऊन उभा राहिलो. माझं वय सतरा-अठराचं असेल. म्हटलं, "वस्ताद, चैतात मला खेळायचंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आन मधलं सहा म्हैनं?"

"तिकडं मेहनत करतो की."

"मेंढरामागं फिरत? दांडपट्टा काय कोकणात घेऊन जानार हायेस?"

"न्हाई. पण करतो."

वस्तादांनी माझा खांदा चाचपला. मग म्हणाले, "जत्रेच्या आदी ये. तुला खेळवून बघतो. हात जरा जरी जड झालेला दिसला, तर फुडं इचारायचं न्हाई. आन तुज्या आईला सांग, यंदा एक कात म्हनावं. तुज्यासाठी न्हाई, आमचा दत्तू बी तयार हाय. ज्याला लागंल त्याला."

दत्तू त्यांचा पुतण्या. चांगला खेळायचा, मनानंही सरळ होता. घरी येऊन मी आईला निरोप दिला, पण पुढचं काही बोललो नाही. तिनं बोचक्यातनं काळं जावळ काढलं, दोन बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाली, "ह्ये तुझ्या हातचं हाय. त्या काळ्या जुळ्या कोकरांचं, तू कातरलेलं." मी मान डोलावली आणि बाहेर पळालो, कारण तोंडावर सगळं दिसत असणार.

आई त्या वर्षी कोकणात आली नाही. माझी धाकटी बहीण नुकतीच झाली होती. बा, चुलता आणि मी, असे आम्ही मेंढरं घेऊन उतरलो. खालच्या गावांत भात निघालेलं असायचं. शेतकरी खतासाठी मेंढरं आपल्या खाचरात बसवून घ्यायचे आणि बदल्यात भात द्यायचे. दिवसभर चारायचं, संध्याकाळी खाचरात आणायचं. मी पहिल्याच मुक्कामाला बांबूची एक लांब, पातळ कांब तासून घेतली आणि फडकं गुंडाळून ती कोपरापर्यंत हाताला बांधली. मेंढरं सावलीला बसली की मी सुरू. दगडावर ओल्या मातीचा गोळा ठेवायचा आणि चालत येऊन, गिरकी घेऊन, कांबेनं त्याचा वरचा निम्मा भाग उडवायचा. दगडाला कांब लागली की टक्क आवाज व्हायचा, आणि त्या आवाजानं मेंढरं माना वर करायची. सुरुवातीला त्यांना दिवसभर माना वर कराव्या लागल्या. चुलता हसायचा. बा काही बोलायचा नाही. तो घोंगडी पांघरून बांधावर तंबाखू मळत बसायचा आणि दुसरीकडंच बघतोय असं दाखवायचा. शिमगा होऊन गेला तेव्हा कुठं मला जाणवलं, की दुपारच्या दुपार जाते आणि एकदाही टक्क वाजत नाही. मेंढरं निवांत रवंथ करत असायची. त्या दिवशी बानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाला, "कांब हलकी पडती तुला. वल्ला बांबू घे." म्हणजे तो सगळं बघत होता.

जत्रेसाठी मी निघायच्या सकाळी त्यानं माझ्या पाठीला घोंगडी आणि भाकऱ्या बांधून दिल्या. मग म्हणाला, "हात कोन दील?"

हा विचार मी महिनाभर मागं ढकलत होतो. बा मेंढरं सोडून येऊ शकत नव्हता. चुलत्याला एकट्याला एवढा कळप आवरणारा नव्हता, आणि त्या दिवसांत लांडग्याचा फार त्रास होता. मी म्हटलं, "वस्ताद काय तरी मार्ग काढतील."

"नेम हाय त्यांचा. ते कशाला मोडतील?" तो म्हणाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यानं थोडा दाबला. "जा तू. खेळून तर ये. म्होरलं म्होरं."

मी ताम्हिणीचा घाट चढलो तो जवळजवळ पळतच. तालमीत पोचलो तेव्हा पायाला भेगा पडल्या होत्या. वस्तादांनी बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही; हातात दांडपट्टा दिला आणि दत्तूला लाठी देऊन समोर उभं केलं. कांबेवर आणि मग ओल्या बांबूवर एवढे महिने खपलेल्या माझ्या खांद्याला ते पातं पिसासारखं वाटलं. किती वेळ खेळलो कोण जाणे. दत्तूची लाठी माझ्या जवळही येईना. शेवटी तोच थांबला, लाठी खाली टेकवली आणि धापा टाकत वस्तादांना म्हणाला, "नाना, ह्यो यंदा खेळंल. माजं फुडल्या वरसाला बघू." दत्तूचं ते वाक्य मी कधी विसरलो नाही. तो गेला तेव्हा मी त्याला खांदा दिला.

वस्तादांनी माझ्या हातातलं हत्यार काढून घेतलं. "हात तयार हाय," ते म्हणाले. "घरचा हात कुटं हाय?"

मी बाची अडचण सांगितली. त्यांनी खाली बघितलं. "खेळ तू पालखीफुडं. पन लिंबाबिगर पट्टा बांधता यायचा न्हाई. त्ये फुडल्या वरसाला करू."

घरी गेलो. आईनं पट्टा तयार ठेवला होता. बा नव्हता म्हणून शेजारच्या आळीतल्या म्हाताऱ्याकडून विणून घेतला होता. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, चरखा चालू होता, मांडीवर लहानगी झोपलेली होती. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "घरचा हात, आसं म्हनले का बापाचा हात म्हनले?"

"घरचा."

"बरं," ती म्हणाली आणि सूत पुढं काढायला लागली. मी थकून झोपून गेलो. तिच्या बोलण्याचा मी काहीच अर्थ लावला नाही.

जत्रेच्या दिवशी उन्हं कलल्यावर पालखी निघाली. उरवडे, कासार आंबोली, पार पौडपर्यंतची माणसं आलेली. घराघराच्या जोत्यावर, झाडावर माणसं. आमच्या लोकांचे ढोल घुमत होते, गुलालानं हवा लाल झाली होती. देवळापुढं रिंगण धरलं आणि मी उतरलो. ढोलाचा ठेका पायात उतरला आणि मी बाकी सगळं विसरलो. पातं माझ्याभोवती घुमत होतं, मला त्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. लोक ओरडत होते असं नंतर कळलं. खेळ संपला, मी पालखीला नमस्कार केला. वस्ताद पुढं आले आणि त्यांनी सांगितलं, की बिरूचा बाप परगावी आहे म्हणून यंदा लिंबाचा खेळ होणार नाही. माणसं हळहळली. ढोल मंदावले.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आई बाहेर आली. लहानगीला तिनं शेजारणीकडं दिलं होतं. डोक्यावरचा पदर नीट करून ती सरळ रिंगणाच्या मध्यावर येऊन उभी राहिली. त्या रिंगणात आजवर बाईनं पाय ठेवलेला कुणी बघितला नव्हता. ढोल पार थांबले.

"वस्ताद," ती म्हणाली, "नेम घरच्या हाताचा हाय नव्हं? ह्यो बगा घरचा हात."

म्होरक्यांतला एक जण म्हणाला, "आगं, बाईमानसाचं काम हाय का ह्ये? काय इपरीत झालं म्हंजी?"

आई त्याच्याकडं वळलीसुद्धा नाही. "झालं तर माजा हात जाईल. तुमचं काय जातंय?"

कुणी तरी हसलं. वस्ताद हसले नाहीत. ते आईकडं बघत राहिले. एवढी वर्षं पट्टा मागायला ते आमच्या अंगणात येत होते. मला वाटतं त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा तिला नीट बघितलं. मग त्यांनी पालखीपुढच्या पूजेच्या परातीतलं लिंबू उचललं. "डावा हात कर सगुणा. उजव्यानं सूत काढतीस."

"देवाचं लिंबू डाव्या हातावर घेऊ व्हय?" आईनं उजवा हात पुढं केला.

त्या हाताबद्दल सांगायला हवं. आयुष्यभर लोकर हाताळल्यामुळं तिचा तळहात गुळगुळीत आणि मऊ झाला होता. या हातानं तिनं मला वाढवलं होतं, आणि या हाताच्या सुतावर आमचं घर चालत होतं. तो हात हवेत पसरलेला, त्यावर पिवळं लिंबू. मातीचे हजारो गोळे मी उडवले असतील, पण ते दगडावर होते. मी आईच्या चेहऱ्याकडं बघितलं. ती हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "माज्याकडं नगं बघूस. लिंबाकडं बघ."

मी लिंबाकडं बघितलं. वस्तादांनी ढोलाला खूण केली. मी मागं सरलो, दोन गिरक्या घेतल्या, पातं सोडलं आणि पुढं निघून गेलो. कुठंच काही लागल्याचं मला जाणवलं नाही. वाटलं, चुकलो, वार वरून गेला. मग एकाएकी असा गलका उठला की पालखीचे भोई दचकले. वळून बघतो तर आई हात तसाच धरून उभी, आणि तिच्या तळहातावर निम्मं लिंबू, कापलेली बाजू वर, रस चकाकत होता. वरची फोड देवळाच्या पायरीपाशी पडली होती. आईनं हात वर करून चहूकडं फिरवून दाखवला. मग हातातली फोड पदराला बांधत मघाच्या त्या माणसाला म्हणाली, "कालवनाला हुईल."

ढोल असे वाजले, असे वाजले, की माझे कान दुसऱ्या दिवसापर्यंत गुंजत होते. दत्तूनं मला खांद्यावर घेतलं. वस्तादांनी मला खाली उतरवून घेतलं आणि आईनं काढून दिलेला काळा पट्टा माझ्या कमरेला गुंडाळायला लागले. आई जवळच उभी होती, तिला राहवेना. "वस्ताद, उलटा घेतलासा. गाठीची बाजू आत पायजे." त्यांनी पट्ट्याचं टोक तिच्या हातात दिलं. "मग तूच बांध," ते म्हणाले. आणि सगळ्या गावादेखत, पालखीसमोर, आईनं तो माझ्या कमरेला बांधला. जावळ इतकं मऊ असूनही तिनं तो इतका कचकून आवळला की मला श्वास घेता येईना, आणि मला तो सैल करावासाही वाटेना. आमचे ढोलवाले रडत होते आणि वाजवत होते. माझ्या आजवरच्या आयुष्यात, पुढं नोकरी लागली, लग्न झालं, पोरं मार्गी लागली, पण तशी छाती पुन्हा भरून आली नाही.

मेंढरं वाट बघत होती. दोन दिवस राहून मी परत निघालो, कमरेला पट्टा तसाच. पौडच्या रस्त्यानं जाताना अनोळखी माणसं हाक मारायची, "कुठल्या तालमीचा रं?" आणि मी मोठ्यानं सांगायचो. घाट उतरून खाली गेलो तेव्हा कळप मुक्काम हलवायच्या तयारीत होता. बानं लांबूनच पट्टा बघितला. जवळ आला, पट्ट्याचा काठ बोटात धरून चोळला, गाठ तपासली. "तुज्या आईची गाठ हाय," तो म्हणाला. मग एकदम दचकून, "हात कोनी दिला?"

"आईनं."

बा तसाच मागं वळला. मग चुलत्याला हाक मारली, "ऐकलंस का रं? आपल्या घरातनं हात दिला. तिनं." आणि त्या मोसमात पुढं जो कुणी भेटला, मग तो भाताचा मालक असो, दुकानदार असो नाहीतर वाटेवरचा वाटसरू, त्याला बा थांबवून सांगायचा. माझ्याविषयी थोडं आणि आईविषयी फार. सांगताना स्वतःचा उजवा हात पुढं पसरून दाखवायचा.

मी परतलो त्याच सकाळी कळप पुढच्या मुक्कामाला निघाला. कळपाच्या पुढं घरातला कर्ता माणूस चालतो, त्याच्या पाठीमागं मेंढरं वाट धरतात. पोरांनी मागं राहून लंगडी कोकरं उचलायची असतात. मी सवयीनं मागं जायला लागलो. बानं आपली काठी माझ्या हातात दिली आणि खाली वाकून एक कोकरू उचलून घेतलं.

"तू फुडं व्हय," तो म्हणाला. "मी येतो मागनं."

मी पुढं झालो, शीळ घातली, आणि सगळा कळप माझ्या मागं चालायला लागला.